मुरमाचे सहा खड्डे

मुलींचं वसतिगृह, नागपूर
ता. २२ जून १९६७

ती. मामाजी यांस पुष्पाचा सप्रेम जयभीम.

आईचं देऊळघाटहून पत्र आलं. त्यात तिनं लिहिलंय की मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाणारा तुमचा रस्ता यंदा चांगला उंच झाला, पण भरावासाठी मुरूम काढून काढून कडेला एकाच मापाचे सहा मोठाले खड्डे पडलेत. 'तुझ्या मामाले लिहून पाठव, पोरंसोरं पडतीन त्यात,' असा तिचा निरोप आहे. तो मी पोचवला. आता माझा ऐका. ते पत्र वाचलं आणि मी तशीच उठून आमच्या खांडवे सरांपुढे जाऊन उभी राहिले.

मामाजी, हसू नका. तुमच्या खड्ड्यांवर मला एम.एस्सी.चा प्रबंध लिहायचा आहे.

प्रश्न साधा आहे. नव्या खड्ड्यात आज दगडमातीशिवाय काही नाही. पावसाचं पाणी भरलं की दिवाळीपर्यंत त्यात बेडूक, किडे, गोगलगायी, शेवाळ, कधी मासेसुद्धा दिसतील. हे सगळे येतात कुठून आणि कसे? आणि आलेल्यांपैकी राहतं कोण? ज्याला तिथवर पोचता येतं तोच राहतो, की पोचतात सगळे आणि ज्याला ते पाणी मानवतं तेवढाच टिकतो? सर म्हणतात, यावर मोठमोठे विद्वान भांडतात, पण एकाच उन्हाळ्यात खणलेले, एका मापाचे, एका रस्त्यावरचे सहा खड्डे त्यांच्यापैकी कोणाजवळ नाहीत. माझ्या मामाजींजवळ आहेत!

दर आठवड्याला एकदा प्रत्येक खड्डा पाहून काय दिसलं ते लिहून ठेवाल का? दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाज नाही. सरांनी स्पष्ट सांगितलंय की प्रबंध चांगला उतरला तर पुढच्या जूनपासून कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा माझी. आपल्या घरातलं कोणी कॉलेजात शिकवायला उभं राहील, हे मला स्वतःशी म्हणून पाहायलाही अजून धीर होत नाही. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पुष्पा


मेहकर
ता. १९ जुलै १९६७

चि. पुष्पास मामाचे आशीर्वाद आणि जयभीम.

वीस वर्षं मी रस्त्यावरचे खड्डे बुजवतो आहे. खड्ड्यांकडे प्रेमानं बघा असं सांगणारी तू पहिलीच. तुझी मामी केसर म्हणते, शिकून शिकून पोरगी शेवटी मामाच्या कामावरच आली.

काम चालू केलं आहे. सरकारनं मैलाचे किलोमीटर केले, पण आमचे दगड अजून मैलाचेच आणि माझ्या टोळीतला कचरू अजून मैलकुलीच. त्याच्याकडून प्रत्येक खड्ड्यापाशी एक धोंडा ठेवून त्यावर चुन्यानं आकडा काढून घेतला. नंबर एक जुन्या तलावाच्या सांडव्याला लागून. दोन तिथून दोन फर्लांगांवर. तीन मैलभर पुढे, चिंचेखाली, तिथे ऊन म्हणून पोचत नाही. चार दोन मैलांवर, रुखमाबाईच्या गोठ्यासमोर. पाच साडेतीन मैलांवर, भोवती नुसता माळ. सहा तर पार पाच मैलांवर. तिथे मुरमाखाली चुनखडी लागली, त्यामुळे पाणी ताकासारखं पांढरं.

अकरा तारखेला सगळे भरले. तेराला जाऊन पाहतो तो सहाच्या सहा खड्ड्यांत बेडूक! कचरू म्हणाला, 'मुकादम, बेडूक आभायातून पडते. म्या डोयानं पाह्यलं.' मी विचारलं, 'काय पाह्यलं बे? पडताना पाह्यलं?' तर म्हणतो, 'पडल्यावर.' दिसलं तेवढंच लिहायचं हा तुझा नियम त्याला समजावून सांगितला. त्याला तो फार पटलेला नाही.

बेडकांशिवाय पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे, एक आणि दोन नंबरवर. बाकी काही नाही.

तुझा मामा,
दयाराम


नागपूर
ता. ६ ऑगस्ट १९६७

ती. मामाजी यांस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. कचरूकाकांच्या बोलण्यापाशी ते इतके हसले की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. कचरूकाकांना सांगा, बेडूक पडत नाहीत, चालत येतात. ते इतके दिवस दगडांखाली ओलाव्याला बसून असतात आणि पाणी दिसलं की निघतात.

आता नीट पाहायची रीत सांगते. चहाची जुनी गाळणी काठीला बांधा. काठाजवळचं पाणी दहादा गाळा, जे येईल ते पांढऱ्या थाळीत टाका आणि मोजा. मोजून झालं की जिथलं तिथं परत. ज्यांना पंख आहेत ते उडत येतील, बेडूक चालत येतील. मला उत्सुकता आहे ती ज्यांना ना पंख ना पाय त्यांची. गोगलगाय पाच मैल कशी जाईल? पाण्यातलं गवत कसं जाईल? त्यांना कोणीतरी न्यावं लागतं, आणि नेणाऱ्याला बहुतेक आपण काही नेतोय याचा पत्ता नसतो. तो कोण, हे मला शोधायचं आहे.

मला वाटतं एक नंबर सर्वांत भरलेला असेल आणि पुढे पुढे कमी होत जाईल. बघू या.

पुष्पा


मेहकर
ता. २४ सप्टेंबर १९६७

चि. पुष्पास आशीर्वाद.

तुझा अंदाज चार नंबरवर येऊन आपटला.

एक नंबर भरलेला आहे, त्यात नवल नाही. ऑगस्टात सांडवा वाहिला, त्याबरोबर तलावातल्या बारीक मासोळ्याही आल्या. दोन नंबरात गोगलगायी आठ, थोडं पाणगवत, मासे नाहीत. तीन नंबरचं पाणी चिंचेचा पाला कुजून काळं झालंय, त्यात चतुराची पिल्लं आणि डासांची वळवळ. इथवर तू म्हणतेस तसंच. पण चार नंबर, दोन मैलांवरचा, तो एक नंबराच्या बरोबरीला आहे! गोगलगायी छप्पन्न. पाणगवत इतकं की गाळणी अडकते. फक्त मासे नाहीत.

मी आणि कचरू दोन दिवस डोकं खाजवत होतो. तिसऱ्या दिवशी उत्तर आमच्या समोरून चालत गेलं. रुखमाबाईच्या म्हशी! सकाळी त्या जुन्या तलावात बसतात, दुपारी घरी आल्या की चार नंबरात. एकीच्या अंगावरचा ओला गाळ मी नखानं खरवडून थाळीत टाकला. त्यात तीन गोगलगायी आणि गवताचे तुकडे. रुखमाबाई धावत आली. 'माह्या म्हशीवर काऊन लिहून राह्यले हो? नजर लागून दूध आटीन!' तिला सांगितलं, तुमची म्हैस नागपूरच्या कॉलेजात गाजणार आहे. तेव्हापासून ती रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला म्हैस दाखवते.

पाच आणि सहा नंबरात मात्र उडून येणाऱ्या किड्यांखेरीज काही नाही. तिकडे म्हशीही जात नाहीत. पाच नंबर पाहून मला उगाच वाईट वाटतं. पाणी कसं निवळशंख आहे, आणि आत कोणी नाही.

केसर म्हणते, गाळणी जुनी म्हणून नेली ती नवीच होती.

दयाराम


नागपूर
ता. २२ ऑक्टोबर १९६७

ती. मामाजी यांस सप्रेम जयभीम.

म्हशी! मी ते पत्र घेऊन सरांकडे अक्षरशः पळत गेले. आम्ही सगळे नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजत होतो. अंतर पट्टीनं मोजायचंच नाही, म्हशीच्या वाटेनं मोजायचं, हे इथल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सरांनी फळ्यावर सहा खड्डे काढले आणि त्यांच्यामध्ये एक म्हैसही काढली. पुसू दिली नाही.

आता मोठी बातमी. सर स्वतः पाहायला येणार आहेत! रविवार, १७ डिसेंबर. एस.टी.नं सकाळी मेहकरला उतरू आणि दिवसभरात सहाही खड्डे पाहू. मामाजी, खरं सांगू का, माझी जागा त्या एका दिवसावर आहे. सर तोंडानं म्हणत नाहीत, पण मला कळतं. सरांचं जेवण तुमच्याकडे. मामींना म्हणावं, ते तिखट खातात असं म्हणतात, पण खात नाहीत.

पुष्पा


मेहकर
ता. १० डिसेंबर १९६७

चि. पुष्पास आशीर्वाद.

सरांच्या येण्याची काळजी करू नको. इकडची सगळी तयारी झाली. रस्त्याच्या कडा छाटल्या, धोंड्यांवरचे आकडे नव्यानं चुन्यानं उठवले. खड्डेही पाहण्यासारखे झाले आहेत. सहाच्या सहा खड्ड्यांत आता जीव आहे, पाच नंबरात आणि सहा नंबरातसुद्धा. तपशील तुम्ही डोळ्यांनीच पाहाल.

गेले दोन आठवडे कामाच्या धांदलीत टिपणं राहिली, रागावू नको. केसरनं सरांसाठी वांग्याची भाजी दोन प्रकारची करायचं ठरवलं आहे, एक तिखट आणि एक सरांना सोसेल तशी.

दयाराम


नागपूर
ता. २७ डिसेंबर १९६७

ती. मामाजी व मामी यांस सप्रेम जयभीम.

परत आल्यापासून जमिनीवर पाय नाहीत. सर बसमध्ये चार तास एकसारखे बोलत होते. पाच नंबरात मासोळ्या पाहून ते गुडघ्यांवर बसले ते तुम्ही पाहिलंच. सहा नंबरच्या पांढऱ्या पाण्यातून गोगलगायी निघाल्या तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी आयुष्यभर विसरणार नाही.

सरांचं म्हणणं असं. नोव्हेंबरपर्यंत तुमची टिपणं सांगतात की दूरचे खड्डे रिकामे. डिसेंबरात सगळे भरलेले. मधे काय झालं? थंडी पडली आणि उत्तरेकडची बदकं आली! त्यांच्या पायांना, पिसांना चिकटून गोगलगायी, गवत, माशांची अंडी आली. म्हणजे अंतराचं महत्त्व बदकं येईपर्यंतच, एकदा ती आली की सगळे पाणवठे सारखे. सर म्हणाले, 'हे आपल्याकडे कोणी इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही.' सत्तावीस जानेवारीला इथे शास्त्राच्या प्राध्यापकांची सभा आहे. तिथे सर निबंध वाचणार आणि त्यावर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव असणार! जागेचं त्यांनी परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांकडे बोलून ठेवलं.

एकच बारीक गोष्ट राहिली. पाच आणि सहा नंबरवर बदकं कधी आणि किती उतरली, तो आकडा सरांना हवा आहे. तुमच्या टिपणात असेलच. तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
पुष्पा


मेहकर
ता. ४ जानेवारी १९६८

चि. पुष्पास आशीर्वाद.

हे दुसरं पत्र आहे. पहिलं परवा लिहिलं होतं. त्यात पाच नंबरवर तीस बदकं आणि सहावर बारा, असं लिहून पाकीट बंदही केलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि तुझी जुनी पत्रंही काढली. पहिल्याच पत्रात तू लिहिलं आहेस, दिसलं तेवढंच लिहायचं. ते पाकीट चुलीत घातलं.

पाच नंबरवर बदक उतरलं नाही, पुष्पा. उतरलो तो मी आणि कचरू, गुडघाभर पाण्यात.

आमच्या खात्याची रीत तुला ठाऊक नाही. साहेब पाहणीला येणार म्हटलं की मुकादमानं रस्ता सारखा करायचा असतो. एक मैल गुळगुळीत आणि दुसरा उखडलेला दिसला तर साहेब पहिल्या मैलाचं कौतुक करत नाही, दुसऱ्याचा जाब विचारतो. वीस वर्षं मी हेच केलं. तुझे सर येणार म्हणताच पाच आणि सहा नंबर डोळ्यांपुढे आले. वाटलं, सर म्हणतील पोरीनं जवळचे खड्डे सांभाळले आणि लांबचे ओस टाकले. केसरनं मला विचारलं होतं, 'पोरीले पुसलं काय?' मी म्हटलं, 'तिले काय पुसायचं? साहेब येऊन राह्यला, तयारी तर करावंच लागते.'

पंचवीस आणि सव्वीस नोव्हेंबरला मी आणि कचरूनं रस्त्यावर पाणी मारायची सरकारी गाडी काढली. एक आणि चार नंबरचं पाणी, गवत, मासोळ्या, गोगलगायी, तळचा गाळ, सगळं पिंपात कालवलं आणि दोन, तीन, पाच, सहा या चौघांत घातलं. प्रत्येकाला मोजून दहा बादल्या. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. काम करताना मला इतका आनंद होता की काय सांगू. पाच नंबरात मासोळ्या सुटल्या तेव्हा कचरूनं टाळ्या वाजवल्या.

तू इथे आलीस, सर गुडघ्यांवर बसले, तुझा चेहरा उजळला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या चेहऱ्याकडे पाहून तोंड उघडलं नाही. आता तुझं नाव एका खोट्या गोष्टीवर लागणार, आणि ती खोटी माझ्यामुळे.

हे तिघांनाच माहीत आहे, मी, केसर आणि कचरू. आता तुला. पुढे काय करायचं ते मी सांगायच्या लायकीचा उरलो नाही.

दयाराम


नागपूर
ता. १२ जानेवारी १९६८

ती. मामाजी यांस जयभीम.

पत्र मिळालं. तुमचा इतका राग आलाय की तो आज लिहिला तर पुढे आपल्याला एकमेकांना तोंड दाखवता येणार नाही. म्हणून लिहीत नाही.

खड्ड्यांत काही घालू नका, हे मी तुम्हाला एकाही पत्रात सांगितलं नव्हतं. सगळी पत्रं आठवून पाहिली. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. त्याचाही राग येतोय, आणि तो तुमच्यावर काढता येत नाही.

सरांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातून परत आले. सत्तावीसला पंधरा दिवस आहेत.

पुष्पा


मेहकर
ता. २५ फेब्रुवारी १९६८

चि. पुष्पास आशीर्वाद.

सहा आठवडे तुझं पत्र नाही. देऊळघाटला माणूस पाठवून जनकाबाईकडे, तुझ्या आईकडे, चौकशी केली, ती म्हणाली पोरगी बरी आहे, पण पत्रं चार ओळींची येतात. मी काही विचारत नाही.

तू सांगितलं नाहीस तरी दर रविवारी खड्डे पाहतो आहे. आता हात लावत नाही. गाळतो, मोजतो, जिथलं तिथं टाकतो. हे तुला उपयोगाचं नसेल तर फाडून टाक, मला नुसतं बसवत नाही म्हणून लिहितो.

दोन नंबरात आमच्या बादल्यांनी फरक पडला नाही. आधीपासून होतं तेच वाढलं आणि नवीन मासोळ्या दिसेनाशा झाल्या. तीन नंबरात, चिंचेखाली, गवत महिन्याभरात कुजलं. गोगलगायी चतुराच्या पिल्लांनी खाल्ल्या की काळ्या पाण्यानं मेल्या ते दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही. रिकाम्या शंख्या मात्र सापडल्या. सहा नंबरात मासे एकवीस जानेवारीपर्यंत संपले आणि गवत पिवळं पडून गेलं, त्या पाण्यात ऊनच शिरत नाही. पण गोगलगायी! आम्ही घातल्या त्याच्या तिप्पट झाल्या, आणि शंख्या दोन नंबरच्यापेक्षा जाड. कचरू म्हणतो, 'चुना खाऊन राह्यल्या त्या, मुकादम.' मला वाटतं या वेळी तो बरोबर असेल.

आणि पाच नंबर. तिथे सगळं आहे. मासोळ्यांची पिल्लं, गवत, गोगलगायी, बगळ्यांसारख्या दोन ढोकऱ्या काठावर येऊन बसतात. म्हणजे त्या पाण्यात पहिल्यापासून काही वाईट नव्हतं. त्याला कोणी आणून देणारं नव्हतं, एवढंच. सहाचं तसं नाही, त्याला आणून दिलं तरी त्याच्या पाण्याला चालेल तेच राहतं. मी दर रविवारी पाच नंबरपाशी जास्त वेळ थांबतो. पुष्पा, आपल्या वस्तीत माझ्याबरोबरची किती पोरं पाच नंबरची होती, आणि लोक त्यांना सहा नंबरचे समजत राहिले. तू शाळेत गेलीस तेव्हा तुला रोज पोचवायला तुझी आई दोन मैल चालायची. आणि तुझ्या तोंडचा घास मी हिसकावला, हे मला फार लागून राहिलं आहे.

थंडी कमी झाली. सहा नंबर अर्धा आटला.

दयाराम


नागपूर
ता. १७ मार्च १९६८

ती. मामाजी यांस पुष्पाचा सप्रेम जयभीम.

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

चोवीस जानेवारीला सरांना सांगितलं. तुमचं पत्रच त्यांच्या हातात दिलं. ते वाचत असताना मी भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. सत्तावीसला ते सभेत उभे राहिले आणि म्हणाले, माहितीत दोष आढळला म्हणून मी हा निबंध मागे घेतो. आणि खाली बसले. मी शेवटच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं की जूनची जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला जाईल. 'आपल्या प्रयोगाला कोणाचा हात लागतो हे जिला माहीत नाही, तिच्या हाती प्रयोगशाळा कशी देऊ?' ते चूक बोलले नाहीत. खोलीवर येऊन मी खूप रडले. तुम्हाला न लिहिण्याचं कारण तेच, दुसरं नाही.

फेब्रुवारीचं तुमचं पत्र आलं ते मी आठ दिवस उघडलं नाही. उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि सरांकडे गेले. सर तीन नंबरपाशी थांबले, सहा नंबरपाशी थांबले. मग म्हणाले, 'प्रत्येकी दहा बादल्या म्हणजे मोजून दहा?' मी म्हटलं, 'सर, ते मुकादम आहेत.' त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. जानेवारीपासून मी त्या खोलीत उभीच राहत होते.

मामाजी, तुम्ही काय केलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. चोवीस नोव्हेंबरपर्यंतची टिपणं सांगतात की आपापल्या बळावर, सांडव्यानं आणि म्हशीनं कोण कुठवर पोचलं. त्यानंतर चारही खड्ड्यांना दोनच दिवसांत एकसारखा वाटा मिळाला, आणि पुढची टिपणं सांगतात की सगळे पोचले तर कोण कुठे टिकतं. पाच नंबर ओस होता तो अंतरामुळे, सहा नंबरात मासे नाहीत ते पाण्यामुळे. बाहेरून दोघे सारखेच रिकामे दिसत होते! मी पहिल्या पत्रात 'हे की ते' असं विचारलं होतं. दोन्ही खरं आहे, खड्ड्याखड्ड्यावर आहे. सर म्हणाले प्रबंध लिही, पण जे झालं ते झालं तसं लिही. ऑक्टोबरात द्यायचा. जागा मात्र गेली ती गेली. वर्षभर इथल्या मुलींच्या शाळेत अर्धवेळ शिकवीन, तसं ठरवलंय.

आता तुम्हाला विचारायचं ते. पाण्यातल्या जीवांना कोणी नेलं याचा एक तक्ता प्रबंधात आहे. सांडवा, म्हशी, वारा, आणि त्याखाली तुम्ही. तारखा द्याव्या लागतील, दोन दिवस सरकारी पाण्याची गाडी वापरली हेही येईल. तुमच्या खात्यातल्या कोणाच्या हाती ते पडलं तर तुम्हाला त्रास होईल. 'एका स्थानिक इसमाने' असं लिहिलं तरी चालण्यासारखं आहे, सर म्हणाले मामांना विचार. या वेळी मी विचारतेय.

राग गेला. कधी गेला ते मला कळलं नाही.

पुष्पा


मेहकर
ता. २ एप्रिल १९६८

चि. पुष्पास मामाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र केसरला वाचून दाखवलं. जागा गेली तिथे ती रडली आणि खुर्चीपाशी पुन्हा रडली. मला म्हणाली, 'आता तरी पुसून करत जा.'

'स्थानिक इसम' लिहू नकोस. तो पंचनाम्यातला वाटतो. दयाराम सरकटे, मुकादम, असं पूर्ण लिही. तारखा लिही, गाडी लिही. म्हशींच्या खाली नाव आलं त्याचं मला काही वाटत नाही, त्यांनी माझ्याआधी काम केलं आहे.

खात्यातल्या लोकांना ते प्रबंधातून कळायची गरज राहिली नाही. काल मी ओव्हरसियर साहेबांच्या कचेरीत गेलो. तुझ्यासारखाच मीही आधी दारातून परत फिरलो होतो. मग आत गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेबांना आधी हसू आलं. 'खड्ड्यात मासे सोडले, सरकटे? तुमी?' मग मी गाडीचं आणि दोन दिवसांचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. मला लेखी द्यायला सांगितलं, ते दिलं. माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली, वीस वर्षांतली पहिली. माझी दोन दिवसांची हजेरी कापली. कचरूचीही कापायला घेतली, तेव्हा मी म्हटलं, 'साहेब, तो माह्या सांगण्यावरून आला व्हता. त्याचे दिवस माह्याकडे धरा.' साहेबांनी तसंच केलं.

तेव्हा माझे चार दिवस गेले. आता तू मोकळेपणानं लिही.

तुझा मामा,
दयाराम